मांडीवरची फाइल

बसमध्ये बसायला जागा मिळाली की मांडी आपली राहत नाही, हे मला हिराबायनं शिकवलं. पहिल्याच आठवड्यात. मी खिडकीशी अंग चोरून, डब्याची पिशवी पोटाशी धरून बसले होते. समोर एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, दांड्याला कोपर अडकवून झोके खात उभी होती. हिराबायनं मला कोपरानं ढोसलं. "मांडी रिकामी ठिवून बसतेस व्हय गो बाय? घे तिची पिशवी." मी घाबरून हात पुढे केले. बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पिशवी ठेवली आणि मोकळ्या हातानं दांडा धरला. मागायचं नाही, आभार मानायचे नाहीत, आत काय आहे ते बघायचं नाही. आपण आधी उतरणार असलो, तर शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर सरकवायची आणि "ही त्या पिवळ्या साडीवाल्यांची" एवढं सांगून उठायचं. माझ्या मांडीवर भाज्या आल्या, शाळेची दप्तरं आली, एकदा झोपलेलं तान्हं मूल आलं आणि घणसोलीपर्यंत माझ्या अंगावर निवांत झोपून राहिलं. गावाहून आलेल्या मला या शहरात कुणी ओळखत नव्हतं, पण बसमध्ये लोक आपलं मूल माझ्याजवळ देत होते. याचं मला काय वाटायचं ते आता सांगूनही पटणार नाही.

मी मामाकडे राहत होते. तळवली गावात चाळीतली एकच खोली. मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवरून गोणी वाहायचा. पहाटे निघायचा आणि परत आला की मामी त्याची पाठ गरम तेलानं चोळायची. मणक्याचा कट्‌कट्‌ आवाज मोरीपर्यंत ऐकू यायचा. गोणी फुटली की खाली सांडलेला, दबलेला कांदा वाहणाऱ्यांना मिळायचा. त्यामुळे आमच्या घरात कांदा कधी संपला नाही आणि कांद्याशिवाय दुसरं फारसं काही शिजलं नाही. कांद्याचा झुणका, कांद्याची पातळ भाजी, तव्यावर चिरडून मिठाबरोबर परतलेला कांदा आणि भाकरी. खोलीच्या कोपऱ्यात पसरलेल्या कांद्यांवर रात्री माझी चादर घासायची. नाहून, पावडर लावून निघाले तरी बसमध्ये कुणी नाक मुरडलं की ते माझ्यामुळेच असं मला वाटायचं. पण तक्रार मनात आणायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. त्या दोघांनी मला भिंतीकडची जागा दिली होती, जिथं पंख्याचा वारा लागायचा. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथून मी नववी करून, दहावीच्या वर्गात दोन महिने बसून निघाले होते. शाळा का सुटली ते आता उगाळत नाही. शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा शाळेतच राहिला. आणायला कुणी गेलं नाही आणि मला तो कुणी कधी मागितला नाही. मागितला नाही, यातच सगळं आलं.

काम मामानंच मिळवून दिलं होतं. महाप्याला औषधाची एक कंपनी होती. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, चिठ्ठी घालायची, खोकं बंद करायचं. आम्ही बायका कंपनीच्या नव्हतो, ठेकेदाराच्या होतो. ठेकेदार मामाच्या ओळखीच्या ओळखीचा. त्याच्यासमोर मामा हात जोडून उभा राहिलेला मी पाहिला होता. एरवी दोन गोणी पाठीवर घेऊन ताठ चालणारा माणूस. नियम एकच आणि साधा होता: भोंगा वाजला की फाटक बंद, आणि महिन्यात तीनदा उशीर झाला की दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. मला आजही घड्याळाची भीती वाटते. मुलं हसतात. लग्नाला जायचं असलं तरी मी तासभर आधी चपला घालून बसते.

बस मागून राबाड्यावरून यायची. हिराबाय तिथली. चुलीसारख्या तांबूस चेहऱ्याची, काष्ट्याचं लुगडं नेसणारी, पायात चांदीचे जाड वाळे. घरच्या उरल्यासुरल्या वावरातली भाजी टोपलीत घालून ती वाशीला विकायला न्यायची. टोपली ड्रायव्हरच्या मागे ठेवायची आणि डोक्यावरची चुंबळ शेजारच्या सीटवर. ती चुंबळ म्हणजे माझी जागा. कुणी विचारलं, "मावशी, कुणी आहे का इथं?" तर म्हणायची, "हाय ना. तलवलीला गारीत चरते." दीड-दोन वर्षं तिनं रोज माझी जागा धरली. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बंद होईल की काय अशी भीती. आमची बस जायची तो मोठा रस्ता म्हणे तिच्या जमिनीवरूनच गेला होता. एकदा कंडक्टर टोपलीवरून तिच्यावर ओरडला, "आजी, ही लगेजची गाडी नाय!" तर ती शांतपणे म्हणाली, "रस्ता माज्या सासऱ्याचा हाय रं. तू तुजी गारी दुसरीकरनं ने." अख्खी बस हसली. कंडक्टरही हसला. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. "पुढं सरका, पुढं! पुढं काय वाघ बसलाय काय?" हे त्याचं दिवसाचं पहिलं वाक्य. चढायचं मागच्या दारानं आणि उतरायचं पुढच्या, असा नियम होता. पण गर्दीत पुढे पोचणं व्हायचं नाही, म्हणून महाप्याला आम्ही कंपनीवाल्या बायका मागच्याच दारानं उड्या मारायचो, आणि मास्तर रोज त्याच शिव्या घालायचा.

त्या महिन्यात मला दोनदा उशीर झाला होता. एकदा बस बंद पडली, एकदा मामीला ताप होता आणि पाणी भरायला मीच होते. महिना संपायला अजून आठवडा बाकी. मामी डबा भरताना रोज बजावायची, "आगं, जीव मुठीत धरून जाऊ नगंस. पण येळंवर जा बाई. त्येंचं नाक कापलं जाईल." तिच्या या दोन सांगण्यांच्या मधोमध मी जगत होते.

त्या दिवशी तळवलीच्या थांब्यावर माझ्या मागून एक मुलगी चढली. थांब्यावर मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच वयाची, सतरा-अठराची. मी चुंबळ उचलून बसले आणि ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही; हात दिसतात, पोट दिसतं, ओढणीची टोकं दिसतात. तिचे हात मला आजही काढून दाखवता येतील. नखं अगदी बारीक कापलेली, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. कोरा इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, आकाशी. छातीशी प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल. गर्दी वाढली तशी ती फाइल वाकायला लागली. मी आपणहून हात पुढे केले.

"धरता का ताई? चुरगळायला नको," ती म्हणाली. बोलणं आमच्याकडचं नव्हतं, लांबचं होतं, वऱ्हाडाकडचं असावं. "आज मुलाखत आहे ना माझी. वाशीला."

"कसली?"

"नर्सचं शिकायला घेतात तिथली. काल रात्रीच आली गाडीनं. आत्याकडं उतरली."

हिराबाय मध्येच म्हणाली, "नर्स? मंग आमाला सुई हलू टोच गो बाय." मुलगी हसली. त्या हसण्याचा आवाज मात्र पक्का लक्षात आहे, कारण तो घाबरलेला होता. माझा असायचा तसाच. फाइल मी दोन्ही हातांनी धरली. वरच्या पानावर शाळा सोडल्याचा दाखला होता, निळ्या शिक्क्याचा, मुख्याध्यापकांच्या लफ्फेदार सहीचा. मी असा दाखला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. आत बघायचं नाही हा नियम, पण पारदर्शक फाइलचं काय करणार? नाव वंदना. आडनाव लिहीत नाही. शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं होतं, 'दहावी उत्तीर्ण.' मी ते दोन शब्द घणसोली येईपर्यंत वाचत होते.

घणसोलीला झुंबड चढली. मास्तर ओरडला, "पुढं सरका!" आणि ती आकाशी ओढणी लोटल्यासारखी पुढे पुढे गेली, पार ड्रायव्हरपाशी. जाताना वळून म्हणाली, "असू द्या हं ताई तुमच्याजवळच." मी मान हलवली. माझ्या मांडीवर आणखी दोन पिशव्या आल्या. फाइलवर माझा डबा, डब्यावर त्या पिशव्या. महापे जवळ आलं तशी बस रेंगाळायला लागली. पुढे ट्रक आडवा झाला होता. माझं लक्ष समोरच्या माणसाच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. सात मिनिटं. पाच मिनिटं. थांबा आला तेव्हा हिराबाय टोपलीवरून मास्तरशी हुज्जत घालत होती. मी ज्यांच्या त्यांना पिशव्या दिल्या, आपला डबा छातीशी धरला आणि मागच्या दारातून उडी मारली. कागदांना वजन नसतं.

खाली उतरून चार पावलं पळाले तेव्हा डब्याखाली बोटांना प्लॅस्टिक लागलं.

आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामीला नाही, हिराबायला नाही, नवऱ्याला नाही, मुलांना नाही. सगळ्यांना मी एकच सांगितलं, की बस निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ते खरं नाही. बस उभी होती. सिग्नलला, त्या आडव्या ट्रकच्या मागे, माझ्यापासून दीड-दोनशे पावलांवर. मागच्या दारात लोंबकळणारी माणसं मला दिसत होती. मी धावले असते, फाइल त्यांच्या हातात दिली असती आणि "पुढं द्या, आकाशी ड्रेसवालीला" एवढं ओरडले असते, तर हातोहात पुढे गेली असती. सुटे पैसे जायचे तशी, तिकिटं यायची तशी. त्या बसमध्ये कधी कुणाचं काही हरवलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला फाटक होतं. वॉचमन साखळीला हात लावून उभा होता. मी बसकडे बघितलं. फाटकाकडे बघितलं. मला मामाचे जोडलेले हात दिसले. आणि त्याच क्षणी डोक्यात एक विचार आला, तोच मी घट्ट धरला: बसची माणसं कुठं जातात? उद्या याच बसला भेटेलच की. रोजचीच तर बस.

ती रोजची नव्हती. ती एका दिवसासाठी आली होती, आणि तिनं मला ते सांगितलंही होतं. मी फाटकाकडे धावले. भोंगा वाजायच्या आत पोचले.

जेवणाच्या सुट्टीत मी फाइल उघडली. दाखल्यामागे गुणपत्रक, त्यामागे अर्जावर चिकटवलेला फोटो. ताठ मानेचा, कुणाचाही वाटेल असा. सगळ्यात मागे टाइप केलेलं पत्र. 'सकाळी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रांसह समक्ष हजर राहावे. गैरहजर उमेदवाराचा नंतर विचार केला जाणार नाही.' साडेबारा वाजून गेले होते. डब्यात कांद्याचा झुणका होता. शेजारची म्हणाली, "काय गं, खात नाहीस?" मी खाल्लं. तेही लिहून ठेवते. मी डबा संपवला, कारण उरलेला घरी नेला असता तर मामीनं विचारलं असतं.

संध्याकाळी बाहेर पडताना वॉचमननं मला थांबवलं. हसत होता. "काय गं, फाइल-बिइल आहे का तुझ्याकडं कुणाची? सकाळी एक पोरगी आली होती. पळत आलेली, चप्पल तुटलेली. सगळ्या कंपन्यांची फाटकं फिरत होती म्हणे. मी बोललो, आत पन्नास बायका आहेत, नाव सांग. तर नाव माहीत नाय. म्हणते, त्या ताईंच्या पिशवीला कांद्याचा वास येत होता."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? लाइन चालू असताना कुणाला बोलवत नाय, ऑर्डर आहे. बसली होती त्या दगडावर पाऊण तास. मग गेली." फाटकाच्या बाहेर दगड होता. मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या हॉलची भिंत त्या दगडापासून वीस हातांवर होती. ती तिथं बसली होती तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे खोकी बंद करत होते, वेळेवर आल्याबद्दल देवाचे आभार मानत.

दुसऱ्या दिवशी चुंबळ जागेवर होती. मी बसायच्या आत हिराबाय सुरू झाली. "काय केलंस गो बाय? सिगनल सुटला नि त्या पोरीनं मागं बघितलं, त तुज्या जाग्यावर भलताच मानूस. रडाया लागली. मास्तरनं गारी थांबवली. सगल्यांनी सीटाखाली बघितलं. मला विचारते, मावशी, त्या ताईंचं नाव काय? मी काय सांगू? मला तरी कुटं म्हाईत तुजं नाव? मी तुला बायच म्हनते." तिनं सीटवरची चुंबळ उचलली. "म्हाप्याला उतरते, तेवरं सांगितलं. कोपरखैरन्याला उतरली नि उलटी पलाली. ट्रकांच्या मधून. मी खिरकीतून आरडले, हलू गो, हलू."

"मला कळलंच नाही मावशी, बस गेल्यावर कळलं," मी म्हणाले.

"मी वलखते तुला," ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "तू काय मुद्दाम करनार नाय." तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन महिने मी ती फाइल रोज मांडीवर घेऊन प्रवास केला. वरच्या बाजूला, नाव दिसेल अशी. डबा खाली पायाशी. मास्तर रोज विचारायचा, "भेटली काय?" आणि मग तिकीट फाडायचा. दर रविवारी मी तळवलीच्या गल्ल्यांमधून वऱ्हाडाकडची आत्या शोधत फिरले. भाड्याच्या खोल्यांमधून माणसं महिन्या-महिन्याला बदलत होती. एक बाई म्हणाली, "होती कोनतरी. गेली सोडून." शेवटी मामी म्हणाली, "परक्या लेकराचं नशीब घरात किती दिस ठिवायचं?" मामानं ती फाइल दाखल्यावरच्या शाळेच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोबत चिठ्ठी मी लिहायची होती. चार वेळा लिहिली. चारही वेळा त्यात 'बस निघून गेली होती' असं आलं. मग चिठ्ठी न घालताच पाकीट बंद केलं. काही दिवसांनी पोचपावती आली. तिच्यावर शिक्का होता आणि कुणाची तरी न लागणारी सही. बस्स, एवढंच.

महिनाअखेर उशीर दोनच. माझं काम टिकलं. पुढे ठेकेदार बदलले, त्यातून मी कंपनीची झाले, एकोणतीस वर्षं नोकरी केली. लग्न, दोन खोल्यांचं घर, थोरलीची डिग्री, सगळं त्या फाटकातून आत गेल्यामुळे. ज्या माणसांनी माझ्यासाठी जागा धरली, त्यांचे उपकार मी कधी विसरले नाही. मामाला शेवटच्या आजारपणात मी अंघोळ घालत असे. पण त्या उपकारांची नावं घेताना आणखी एक नाव मध्ये येतं, आणि तिनं मला काही दिलेलं नव्हतं. मी घेतलेलं होतं. थोरलीच्या बाळंतपणात, मामा दवाखान्यात असताना, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, जी जी नर्स सलाईन लावायला वाकली तिच्या उजव्या मनगटाकडे मी बघितलं. डाग कुठंच नव्हता.

हिराबाय दिसेनाशी होऊन चाळीसेक वर्षं झाली. एके दिवशी सीटवर चुंबळ नव्हती, दुसऱ्या दिवशीही नव्हती, आणि तिचं घर कुठलं ते मला माहीत नव्हतं. रस्ता तिच्या सासऱ्याचा, एवढंच माहीत होतं.

आता बस गारेगार असते, दारं आपोआप मिटतात. सगळ्यांच्या पाठीवर सॅक, कानात वायर. परवा वाशीहून येताना मला ज्येष्ठांची सीट मिळाली. महाप्याला एक मुलगी चढली आणि माझ्यापुढे उभी राहिली. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली फाइल, काखेत पर्स. बसनं वळण घेतलं तशी ती हेलपाटली. इतक्या वर्षांची सवय, माझे हात आपोआप पुढे झाले. "दे बाळ इकडं. धरते मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. फाइल आणखी घट्ट धरली. "नको आजी. राहू द्या."

हात पुढेच राहिले होते. ते मी मांडीवर परत घेतले, एकावर एक ठेवले आणि तळवली येईपर्यंत तसेच ठेवून बसले.